दुसऱ्याचा मास्क आपल्या माणसाला देण्याआधी

 

आजचा विषय थोडा वेगळा आहे. झोपेत श्वास थांबण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाला रात्री मशीनला जोडलेला मास्क लावून झोपावं लागतं. हा मास्क कुणाचा तरी वापरलेला मिळाला, तर तो धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतो का? येत असेल तर कसा, आणि कधी सरळ नाही म्हणायचं? हे मी आज सांगणार आहे, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करणार आहे.

मागच्या मे महिन्यात माझे सासू-सासरे मिरजेहून आमच्याकडे फोरबर्गला आले. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. वय एकाहत्तर. चार वर्षांपासून ते मशीन लावून झोपतात. त्याआधी त्यांच्या घोरण्यावर घरात विनोद व्हायचे. पण आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. अप्पांचं घोरणं मधेच बंद पडायचं, आणि त्या अंधारात उठून बसायच्या. श्वास परत सुरू होईपर्यंत आकडे मोजायच्या. एकदा पंचवीसपर्यंत मोजले, असं त्या सांगतात. मशीन आलं आणि आई रात्रभर झोपायला लागल्या.

इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात अप्पांच्या मास्कची सिलिकॉनची गादी, जिला कुशन म्हणतात, ती नाकाच्या कडेला फाटली. रात्रभर हवा सुटायची, शिट्टी वाजायची, डोळ्यात वारा जायचा. आमच्या ओळखीचे लायडस्खेनडामचे एक काका आहेत. त्यांच्याकडे त्यांचा जुना मास्क होता. ते सायकलवरून स्वतः घेऊन आले. म्हणाले, "अहो, कपाटात पडून आहे, अप्पांना होऊ दे की." कुणाच्याही मनाला बरं वाटेल असंच ते देणं होतं.

मी सांगलीला काही वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेलं आहे. त्यामुळे मला वाटलं, हे आपल्याला येतं. सिंकमध्ये गरम पाणी घेतलं, त्यात सुपरमार्केटमधलं सफाईचं व्हिनेगर ओतलं, म्हणजे इथे ज्याला स्खोनमाकअझाइन म्हणतात ते, आणि अख्खा मास्क जसाच्या तसा बुडवून ठेवला. नंतर मन भरेना म्हणून थोडं डेटॉल टाकलेल्या पाण्यातून काढला. वास आला तेव्हा तर मला जास्तच बरं वाटलं. आपल्याकडे डेटॉलचा वास म्हणजे स्वच्छता, हे डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी अप्पांच्या नाकाच्या दांड्यावर आणि गालांवर लाल चट्टे उठले. घसा खवखवायला लागला, कोरडा खोकला सुरू झाला. ते बिचारे काही बोलले नाहीत. आईंनीच सकाळी चहा करताना सांगितलं, "अगं, ते मास्क काढून ठेवतात मध्यरात्री. मला पुन्हा मोजावं लागतंय."

मग मी मास्क हातात घेतला, सगळे भाग सुटे केले, आणि खिडकीशी उजेडात धरला. कुशन फ्रेमला जिथे बसतं त्या खाचेत पिवळट, चिकट थर तसाच होता. बाहेर सोडायच्या हवेची जी बारीक छिद्रं असतात, त्यांतली निम्मी बुजलेली होती. आणि कापडी पट्ट्यांना डेटॉलचा वास येतच होता. रात्रभर अप्पा तेच श्वासातून आत घेत होते.

माझी चूक काय झाली, हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. आपल्या गावातून जो फ्लीट कालवा जातो, तो पुढे डेल्फ्टला पोचतो. त्या डेल्फ्टमध्ये सतराव्या शतकात अँटनी फान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. विद्यापीठात तो गेला नव्हता. पण त्यानं स्वतः घासलेल्या भिंगांतून असं काही पाहिलं, जे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. 1683 साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवलं. त्यात त्यानं आपल्या दातांवरच्या पांढऱ्या थरात वळवळणाऱ्या बारीक जीवांचं वर्णन केलं. आज आपण त्यांना जिवाणू म्हणतो.

त्यानं आणखी एक गोष्ट करून पाहिली. व्हिनेगरनं चूळ भरली. त्या जीवांवर थेट व्हिनेगर टाकलं तर ते मरायचे. पण चूळ भरल्यावरही दातांमधल्या थरात ते जिवंतच सापडायचे. त्यानं निष्कर्ष काढला, की व्हिनेगरनं थराच्या बाहेरचे तेवढे मेले, आत ते पोचलंच नाही.

मंडळी, साडेतीनशे वर्षांपूर्वी शेजारच्या गावात कळलेली ही गोष्ट, आणि मी वर्गात फळ्यावर काढून शिकवलेली. तरी घाईत विसरले. चेहऱ्याचं तेल, घाम, लाळ, मृत त्वचा यांचा थर असेल तर औषध वरच्यावर वाहून जातं. दुधाचं पातेलं आधी घासतो आणि मग त्यावर कढत पाणी ओतो, तसंच हे आहे. खरवड तशीच ठेवून उकळतं पाणी ओतलं तर ती आणखी घट्ट बसते. म्हणून आजचं पहिलं वाक्य लक्षात ठेवा: आधी धुणं, मग निर्जंतुक करणं. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि क्रम उलटा चालत नाही.

आता थोडं या मास्कबद्दल. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काही जणांची श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक प्रसंग धरतात. तासाला असे तीस किंवा जास्त प्रसंग होत असतील तर आजार तीव्र समजतात. मशीन नाकातून मंद दाबानं हवा देत राहतं, आणि त्या दाबानं वाट उघडी राहते. हा उपाय ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी शोधला आणि 1981 मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या रुग्णांसाठी प्रत्येकाच्या नाकाच्या मापाचा मास्क बनवत, आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट पदार्थानं चेहऱ्यावर चिकटवत. आता मापं ठरलेली आहेत, पट्टे आहेत, म्हणून आपल्याला वाटतं की हा चष्म्याच्या फ्रेमसारखा कुणीही वापरावा. पण तो सात-आठ तास तोंडानाकावर असतो, ओलसर असतो, आणि त्यातली हवा थेट फुप्फुसात जाते. आपल्याकडे उष्टं पाणी आपण दुसऱ्याला देत नाही. हा तर श्वासच उष्टा.

तेव्हा धुवायला बसण्याआधी, कागद-पेन घ्या आणि या गोष्टी तपासा. यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं तर मास्क घेऊ नका.

पहिली गोष्ट, तो कुणाचा होता. देणारा ओळखीचा आहे का, त्याला अलीकडे छातीचा किंवा त्वचेचा संसर्ग झाला होता का, हे विचारायला संकोच करू नका. मार्क्टप्लाट्सवरून किंवा कोनिंग्सडागच्या रस्त्यावरच्या बाजारातून, अनोळखी माणसाकडून आलेल्या मास्कचा इतिहास तुम्हाला कधीच कळणार नाही. तो सोडून द्या. आपण सगळेच इथे वापरलेली सायकल घेतो, पाळणा घेतो, कपाट घेतो, त्यात काही वाईट नाही. मास्क त्या यादीत बसत नाही.

दुसरी गोष्ट, पाकिटावरचं किंवा पुस्तिकेतलं चिन्ह. माणसाची आकृती आणि तिच्यावर एक आकडा असेल, तर अर्थ असा की हा मास्क एकाच रुग्णानं पुन्हा पुन्हा वापरायचा आहे. दुसऱ्याला द्यायचा नाही. घरात वापरण्याचे पुष्कळ मास्क याच प्रकारचे असतात.

तिसरी गोष्ट, हवा बाहेर जायची छिद्रं. घरच्या मशीनच्या मास्कला बारीक छिद्रं असतात. आपण सोडलेला श्वास त्यातून बाहेर जातो. हॉस्पिटलमधल्या काही मास्कना ती नसतात, कारण तिथल्या व्हेंटिलेटरच्या नळीत बाहेर जायची वेगळी सोय असते. अशा मास्कचा नळीकडचा कोपरा बहुधा निळ्या रंगाचा असतो. तो घरच्या मशीनला लावला तर माणूस आपलाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत राहील. हे जिवावर बेतू शकतं. निळा कोपरा दिसला की थांबा.

चौथी गोष्ट, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क असेल तर त्याच्या कोपऱ्यात एक छोटी पडदी असते. वीज गेली आणि मशीन बंद पडलं तर ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. ती फाटलेली, चिकटलेली किंवा हरवलेली असेल तर मास्क बाद.

पाचवी गोष्ट, चुंबक. काही मास्कच्या पट्ट्यांना चटकन लागणाऱ्या चुंबकाच्या क्लिप असतात. 2022 मध्ये फिलिप्सनं अशा मास्कबद्दल सूचना काढली, आणि नंतर दुसऱ्या कंपन्यांनीही इशारे कडक केले. ज्यांना पेसमेकर आहे, मेंदूतल्या रक्तवाहिनीला धातूची क्लिप लावली आहे, कानात बसवलेलं श्रवणयंत्र आहे, त्यांच्यापासून चुंबक किमान पंधरा सेंटिमीटर दूर हवं. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीलाही हे लागू आहे. मास्क अप्पांचा, पेसमेकर आईंचा, असं असलं तरी धोका आहेच.

आणि सहावी गोष्ट, ज्याला द्यायचा त्याची तब्येत. केमोथेरपी चालू आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं आहेत, फुप्फुसाचा जुना आजार आहे, तर फक्त नवा मास्क. इथे काटकसर करायची नाही.

एवढ्यातून मास्क पार पडला असं समजू. आता तो सुटा करा, आणि त्याचे तीन वाटे करा.

पहिला वाटा, फेकायचा. कुशन, कापडी पट्टे, नळी आणि मशीनचा फिल्टर. सिलिकॉनमध्ये तेल मुरतं, ते धूसर होतं, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. पट्ट्यांच्या आतला स्पंज घरी निर्जंतुक होत नाही. स्पंजचं कुशन असेल तर ते धुताही येत नाही. बहुतेक मॉडेलचे कुशन आणि पट्टे सुटे मिळतात. ते नवे घ्या. कुशन मापाचं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या मापाचं तुमच्या माणसाला बसेलच असंही नाही.

दुसरा वाटा, ठेवायचा. कडक प्लास्टिकची फ्रेम आणि नळीचा कोपरा. म्हणजे सगळं मिळून वापरलेल्या मास्कमधून आपल्या हाती फक्त ही फ्रेम येते. हे ऐकून कुणी म्हणेल, मग घ्यायचाच कशाला? मी पण शेवटी त्याच विचाराला आले. ते पुढे सांगते.

तिसरा वाटा, शंकेचा. चीर गेलेली क्लिप, सैल झालेला सांधा. शंका असली की तोही पहिल्या वाट्यात.

आता धुणं. सिंक आधी घासून घ्या, किंवा वेगळं स्वच्छ भांडं घ्या. हाताला कोमट लागेल इतकं पाणी. त्यात बिनवासाच्या सौम्य भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब. नवा मऊ टूथब्रश घ्या आणि खाचा, सांधे, हवेची छिद्रं एकेक करून घासा. टाचणी किंवा सुई छिद्रात घालू नका, छिद्राचं माप बदलतं. मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. बोट फिरवून पाहा, बुळबुळीत लागायला नको. खिडकीशी उजेडात धरून पाहा. थर दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. या कामात घाई केली तर पुढचं सगळं वाया, हे मी अनुभवानं सांगते.

यानंतर निर्जंतुक करणं. दवाखान्यात एका रुग्णाचा मास्क दुसऱ्याला देण्याआधी काय करायचं, याची पुस्तिका काही उत्पादक मॉडेलनुसार देतात. त्यात बहुधा ठरावीक तापमानाचं गरम पाणी ठरावीक वेळ, किंवा ठरावीक रसायन असतं. उष्णतेचा हिशोब असा, की 80 अंशांवर 10 मिनिटं आणि 90 अंशांवर 1 मिनिट, यांचा परिणाम साधारण सारखा धरतात. पण हे प्रत्येक प्लास्टिकला सोसत नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत गरम पाण्याची पद्धत दिलेली असेल, तरच ती करा, तिथे दिलेल्याच तापमानाला आणि तेवढाच वेळ, थर्मामीटर लावून. गॅसवर पातेल्यात उकळत टाकलं तर भाग बुडाला लागून वाकतो, आणि वाकलेल्या फ्रेममधून हवा सुटते. बाळाच्या बाटल्यांचं वाफेचं यंत्र, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, हेही पुस्तिकेत लिहिलं असेल तरच.

पुस्तिका सापडत नसेल, किंवा तिच्यात दोन रुग्णांमधली पद्धतच दिलेली नसेल, तर त्याचा अर्थ सरळ घ्या. तो मास्क दुसऱ्यासाठी नाही.

आता काय वापरायचं नाही ते ऐका. डेटॉल नको, सुवासिक तेलं नकोत. ड्रोखिस्टकडचं सत्तर टक्के अल्कोहोल आणि हात पुसायचं सॅनिटायझर नको, कारण त्यानं पारदर्शक कडक प्लास्टिकला चिरा पडू शकतात. ब्लीच, म्हणजे इथलं ब्लेकवाटर, तेही नको. आणि ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. स्वयंपाकघरात, खिडक्या बंद असताना, हिवाळ्यात, हा अपघात सहज होऊ शकतो.

"जंतू मारणारं आहे ना, मग चांगलंच असेल," असं आपल्याला वाटतं. दक्षिण कोरियात हेच वाटण्यातून मोठा अनर्थ झाला. तिथे 1990 च्या दशकापासून खोलीत दमटपणा देणाऱ्या यंत्राच्या पाण्यात टाकायची जंतुनाशकं दुकानात मिळायची. हातावर किंवा लादीवर ती रसायनं तितकी घातक वाटली नसती. पण वाफेबरोबर ती फुप्फुसात गेली. 2011 मध्ये कारण उघड झालं, तोवर हजारो लोक आजारी पडले होते. शेकडो जण दगावले, त्यात गरोदर बायका होत्या, लहान मुलं होती. घरच्यांनी स्वच्छतेसाठी, काळजीपोटी ते रसायन टाकलं होतं. त्वचेवर चालणारी वस्तू श्वासात चालेलच असं नसतं, ही गोष्ट मला तेव्हापासून फार महत्त्वाची वाटते.

अनेक जण विचारतात, ते ओझोनचं किंवा अतिनील किरणांचं सफाईयंत्र घेऊ का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी 2020 मध्ये लोकांना सांगितलं, की मशीन आणि मास्कच्या सफाईसाठी अशी यंत्रं त्यांनी मंजूर केलेली नाहीत. ओझोन मास्कमध्ये आणि नळीत राहून श्वासाला त्रास देऊ शकतो. अतिनील किरण जिथे सावली पडते तिथे पोचत नाहीत, आणि मास्कमध्ये तर सगळ्या खाचाच खाचा.

याला जोडून मशीनबद्दल एक सूचना. जून 2021 मध्ये, आपल्या याच देशातल्या फिलिप्स कंपनीनं आपली लाखो श्वसनयंत्रं परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला स्पंज झिजून त्याचे कण आणि वायू हवेत मिसळण्याचा धोका होता. ओझोननं सफाई केल्यास तो स्पंज जास्त लवकर खराब होऊ शकतो, असंही तेव्हा सांगितलं गेलं. तेव्हाची काही यंत्रं आजही कुणाच्या माळ्यावर असू शकतात. मास्कबरोबर कुणी जुनं मशीनही देत असेल, तर त्याचा अनुक्रमांक कंपनीकडे तपासल्याशिवाय ते घरात आणू नका. शिवाय त्यातला दाब दुसऱ्या माणसासाठी ठरवलेला असतो. तो डॉक्टरांनीच बदलायचा.

वाळवणं सोपं आहे. पाणी झटकून स्वच्छ कापडावर, सावलीत, पूर्ण कोरडं होईपर्यंत. ओला मास्क पिशवीत बांधून ठेवला की बुरशी आलीच. मशीनच्या पाण्याच्या डबीत रोज ताजं पाणी घाला. इथलं नळाचं पाणी पिण्यासाठी उत्तम, पण त्यात क्षार असतात, म्हणून क्षार काढलेलं पाणी घ्या. बाटली नीट वाचा. शेजारीच इस्त्रीचं सुगंधी पाणी ठेवलेलं असतं, ते डबीत जायला नको.

पहिल्या रात्रीआधी दिवसा एकदा पंधरा मिनिटं लावून पाहा. मशीन सुरू करून छिद्रांसमोर हात धरा, हवा लागली पाहिजे. कडेनं सुटता कामा नये. कसलाही वास आला तर पुन्हा धुवा. आणि लावल्यावर चट्टे, खोकला, डोळे लाल होणं, सकाळी डोकं दुखणं यातलं काही झालं, तर मास्क काढा आणि डॉक्टरांना विचारा. दम लागला, ओठ निळे पडले, तर 112.

आता आमच्या अप्पांकडे परत येते. मी मिरजेला त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "एवढी घाई का केलीत?" त्यांच्या मते अप्पांच्या बाबतीत दोन रात्री मशीनशिवाय, कुशीवर, उशाला उंच करून झोपणं चाललं असतं. प्रत्येकाचं तसं नसतं, म्हणून तुम्ही तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण मी तो फोन आधी केला असता तर पुढचं टळलं असतं. मग मी अप्पांच्या मास्कच्या मॉडेलचं नाव शोधलं, आणि फक्त नवं कुशन मागवलं. त्यांची स्वतःची फ्रेम, त्यांचे स्वतःचे पट्टे, सगळं चांगलंच होतं. फाटलं होतं ते कुशन, आणि मी मात्र अख्खा मास्क बदलायला निघाले होते.

इथे राहणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. ज्यांचा नेदरलँड्सचा मूळ आरोग्यविमा आहे आणि निदान झालं आहे, त्यांना मशीन साधारणपणे विम्यातून वापरायला मिळतं, मालकी पुरवठादाराची राहते. अशा उसन्या दिलेल्या यंत्रावर आयखन रिसिको, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, लागत नाही, पण मास्कसारख्या झिजणाऱ्या वस्तूंना ती लागू शकते. कुशन फाटलं तर आधी पुरवठादाराला फोन करा. दुसऱ्याचा मास्क शोधण्याची वेळ तुमच्यावर सहसा येऊ नये.

अडचण होते ती पाहुण्या आई-वडिलांची. ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. त्यांच्याकडे प्रवास विमा असतो, आणि तो मुख्यतः अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो. हाउसआर्ट्सकडे पाहुणा रुग्ण म्हणून दाखवता येतं, पैसे स्वतः भरावे लागतात. म्हणून तिकीट काढतानाच त्यांना सांगा: एक जादा कुशन, एक जादा फिल्टर, मास्कच्या मॉडेलचं आणि मापाचं नाव लिहिलेला कागद, आणि डॉक्टरांची चिठ्ठी, हे सगळं हातातल्या बॅगेत. लोणच्याच्या बरणीला जागा होते, तर मुठीएवढ्या कुशनला नक्की होईल.

आणि उलटी गोष्टही सांगते. गावाकडून फोन येतो, "तुमच्याकडे चांगल्या वस्तू टाकून देतात, एखादा जुना मास्क पाठव." आपल्याला नाही म्हणवत नाही. तेव्हा जुना मास्क पाठवण्याऐवजी त्यांच्या मॉडेलचं नवं कुशन पाठवा, किंवा तिथल्याच दुकानात घेऊन द्या. मदत तीच होते, आणि तिच्याबरोबर दुसऱ्याच्या घशातलं काही जात नाही.

लायडस्खेनडामच्या काकांना मी मास्क परत द्यायला गेले तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग आत जाऊन कपाटातून आणखी दोन जुने मास्क घेऊन आले, आणि आम्ही दोघांनी मिळून ते कात्रीनं पट्टे कापून कचऱ्यात टाकले, म्हणजे पुन्हा कुणाला द्यायचा मोह नको. मग त्यांनी कॉफी केली.

नवं कुशन आलं त्या रात्री मी उशिरा पाणी प्यायला उठले. अप्पांच्या खोलीतून मशीनचा एकसारखा मंद आवाज येत होता. आईंच्या खोलीतला दिवा विझलेला होता. त्या झोपल्या होत्या.

मंडळी, कुणाच्या घरी असा मास्क पडून असेल तर उद्याच त्याचं चिन्ह वाचा, छिद्रं पाहा आणि ठरवा. आणि मशीन वापरणाऱ्या आपल्या माणसाला आज एवढं विचारा, "कुशन शेवटचं कधी बदललं?" काळजी घ्या.